शेठजींचा जिना

"एक्क्याण्णव? ताई, त्र्याण्णव धरा. नेहमीचं गिऱ्हाईक आहे मी."

शेठजींच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. बोटाला चिमटा लावला की त्यावर अंगातल्या ऑक्सिजनचा आकडा येतो. त्या आकड्यातही घासाघीस करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आकडा फार खाली आला की ताई व्यायाम थांबवून खुर्चीत बसवायच्या, आणि शेठजींना बसायचं नव्हतं. बसून बसून ते विटले होते. तसे आम्ही सगळेच विटलो होतो.

आम्ही म्हणजे फुफ्फुसं कामातून गेलेली मंडळी. जळगावच्या एका दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या ताई सकाळी मोबाइलवर व्हिडिओ लावून आमच्याकडून घरच्या घरी व्यायाम करून घेत. धुळ्याहून मी, भडगावजवळच्या खेड्यातले शेतकरी आबा आणि चाळीसगावचे शेठजी. दवाखान्यापर्यंत रोज जाण्याएवढा दम आमच्यापैकी एकाकडेही नव्हता. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, त्यामुळे तोंड न बघता नुसत्या आवाजावरून माणूस जोखायची खोड मला आहे. शेठजींचा आवाज दुकानदाराचा होता, गोड आणि सावध. प्रत्यक्ष भेट आमची कधीच झाली नाही.

ताई घसा फोडून सांगायच्या, आपापले माइक बंद ठेवा. शेठजी ते कधीच करत नसत. त्यांचं किराण्याचं दुकान खाली आणि घर वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे आमच्या व्यायामात सारखा बाजार घुसायचा. खालून कुणीतरी ओरडायचं, "गूळ काय भाव लावशात?" आणि शेठजी हात वर केलेले असतानाच कान टवकारायचे. ओरडून सांगण्याएवढा दम नसल्यामुळे त्यांनी काठीची भाषा काढली होती. फरशीवर एकदा काठी आपटली की धाकट्या मुलानं माल द्यायचा, दोनदा आपटली की भाव धरून ठेवायचा. आबांना त्याची फार मजा वाटे. "शेठ, आज दोनदा वाजनी. गिऱ्हाईक गया का?" ते विचारायचे. शेठजी म्हणायचे, "जाईल कुठे? कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतं." आणि खरंच, थोड्या वेळानं तोच आवाज पुन्हा ऐकू यायचा.

वजनं म्हणून ताईंनी आम्हाला पाण्याच्या बाटल्या घ्यायला सांगितल्या होत्या. शेठजी साखरेच्या पुड्या घेत. त्या आधी तराजूवर तोलून घेत, कारण पुडीवर छापलेल्या वजनावर त्यांचा विश्वास नव्हता. पुढं वजन वाढवायची वेळ आली तेव्हा त्यांनी तूरडाळ धरली आणि आम्हाला समजावून सांगितलं की साखर हाताला जड लागते, डाळ हलकी लागते, वजन एकच असलं तरी. ताई हसल्या. मी घरी करून पाहिलं, मला काही फरक जाणवला नाही.

जिन्याचा विषय मात्र ते हसत काढत नसत. एकदा आबा आले नव्हते, त्यात ताईंच्या फोनची रेंज गेली आणि आम्ही दोघंच पडद्यावर उरलो, तेव्हा त्यांनी सांगितलं. दवाखान्यातून परत आणलं तेव्हा दोन हमालांनी त्यांना खुर्चीत बसवून वर चढवलं होतं. "अक्का, ज्यांच्या पाठीवर जन्मभर पोती चढवली, त्यांच्याच खांद्यावर मी चढलो. ते बिचारे सांभाळून नेत होते. मला मान वर करवेना." त्यानंतर ते खाली गेलेच नाहीत. मी म्हटलं, उतरायला तर जमेल की. ते म्हणाले, "उतरायला काय लागतं? पोतंसुद्धा उतरतं. चढवायला माणूस लागतो."

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. भाजी घरी येते, औषधं घरी येतात, विजेचं बिलही मोबाइलवर भरलं जातं. सगळं घरपोच मिळतं, फक्त मी कुठं पोचत नाही. शेजारपाजारचे चांगले आहेत, पुण्याचा मुलगा चांगला आहे, आणि सगळे एकच सांगतात, "तुम्ही कशाला उठता, आम्ही आहोत ना." या वाक्याचा मला संताप येतो आणि कुणावर चिडावं तेही कळत नाही. मे महिन्यात गच्ची तापून घराची भट्टी होते, तेव्हा खिडकीशी बसून मी खालच्या कुल्फीवाल्याकडे बघत असते. कुल्फी वर मागवता येते. पण मला ती मागवायची नसते.

शेठजींच्या जिन्याला मुदत होती. त्यांचा थोरला मुलगा सुरतेला कापडाच्या धंद्यात होता. नवव्या मजल्यावर फ्लॅट, दोन लिफ्ट, खाली बाग. बापूजींना तिकडेच न्यायचं त्यानं ठरवलं होतं. शेठजींनी त्याच्याशीही सौदा केला. दिवाळीला तो यायचा होता. तेव्हा शेठजी आपल्या पायांनी खाली उतरून, कुणाचा हात न धरता वर आले, तर ते चाळीसगावातच राहणार. नाही जमलं, तर मुकाट्यानं सुरतेची गाडी पकडणार. मुलानं कबूल केलं. त्याला वाटलं असेल, म्हातारा काही चढत नाही.

तेव्हापासून शेठजींनी व्यायामाचं मनावरच घेतलं. ओठांचा चंबू करून, दुधावरची साय सारावी तशी फुंकर घालत श्वास सोडायचा, आणि पाय उचलायचा तो श्वास सोडतानाच, हे ताईंनी शिकवलेलं ते दिवसभर घोटत. लाकडी पाटावर चढ-उतार करत. आकडा खाली जाई आणि ताई थांबवत. मग एक दिवस त्यांचा आकडा अचानक अठ्ठ्याण्णव आला. ताईंनी बोट कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितलं. बोटावर मेहंदी होती.

"शेठजी, हे बोट कुणाचं?"

"सूनबाईचं," ते शांतपणे म्हणाले. "घरचंच आहे."

ताई खूप रागावल्या. मला आधी हसू आवरेना, मग ते ओसरलं. एवढा पापभीरू जैन माणूस, पुडीचं वजनसुद्धा तोलून घेणारा. त्याला खोटं बोट लावावं लागलं. ताईंनी त्या दिवशी बराच वेळ समजूत घातली, आणि पुढं मात्र त्यांनी स्वतःचंच बोट लावलं. हळूहळू आकडाही थोडा सुधारला.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी आमच्या वर्गाला सुट्टी होती, तरी आम्ही सगळे मोबाइल लावून बसलो. सूनबाईनं फोन हातात धरला होता. शेठजी धोतर-टोपीत, कठडा धरून उतरले. दुकानातल्या गादीवर बसले, पूजा झाली, एका जुन्या गिऱ्हाइकानं वाकून नमस्कार केला. नुसता भाव विचारायला आलेल्याला विचारावं तसं त्यांनी त्याला विचारलं, "लेवानं शे का नुसतं दखानं शे?" दुकानात सगळे हसले. एवढा मोकळा चेहरा मी त्यांचा आधी बघितला नव्हता.

मग ते चढायला लागले. एक पायरी, थांबणं, फुंकर, पुन्हा एक पायरी. थोरला मुलगा मागे दोन्ही हात पसरून चालला होता, त्याला ते काठीनं मागे सारत होते. ताई हळू आवाजात म्हणत होत्या, "श्वास सोडा, मग पाय." आबा स्वतःच धापा टाकत म्हणाले, "सावकाश, शेठ. माले बी आठे दम लागी ऱ्हायना." मीही नकळत ओठांचा चंबू केला होता. अर्ध्या जिन्यात त्यांनी कठड्यावर कपाळ टेकलं आणि इतका वेळ तसेच राहिले की मला फोन बंद करावासा वाटला. पण ते चढले. कुणाचा हात न धरता चढले, आणि वरच्या खुर्चीत बसले. ओठ निळसर पडले होते. छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती.

सूनबाई पाणी आणायला धावली, फोन तसाच कुठंतरी टेकवलेला राहिला. थोरला मुलगा बापाच्या पायाशी खाली बसला. तो रडत होता. "बापूजी, फोनवर तुम्ही नेहमी बरं आहे म्हणता. आज मी डोळ्यांनी बघितलं. असं रोज तुम्हाला मरताना मी इथं ठेवू का? नाही ठेवणार. पाहिजे तर मला वचनमोड्या म्हणा."

शेठजींना बोलायचं होतं. त्यांनी हात वर केला, तोंड उघडलं, पण आतून शब्दाला पुरेल एवढा वारा येईना. ज्यानं जन्मभर सौद्यात शेवटचा शब्द दुसऱ्याला बोलू दिला नाही, त्याला त्या एका घडीला नुसतं नाही म्हणता आलं नाही. धाप बसेपर्यंत धाकटा मुलगाही थोरल्याच्या बाजूनं झाला होता, सूनबाईही मान हलवत होती. मुलाला मी दोष देत नाही. बापावर माया होती म्हणूनच त्याला ते बघवलं नाही. तो सुरतेतच राहिला असता आणि त्यानं चढल्याचं नुसतं ऐकलं असतं, तर शेठजी आज चाळीसगावात असते, हे मात्र मला राहून राहून वाटतं.

सुरतेहून ते काही दिवस वर्गाला आले. मागं पांढरी भिंत असायची. एकदा त्यांनी मला साधा फोन केला, व्हिडिओशिवाय. मी विचारलं, खाली बागेत जाता का? म्हणाले, "लिफ्ट आहे, अक्का. बटण दाबलं की खाली, बटण दाबलं की वर. दम अजिबात लागत नाही. पण खाली जाऊन कुणाशी बोलू? वॉचमन आहे, तो 'केम छो' म्हणतो. मी 'मजामां' म्हणतो. की परत वर." मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही उतरता का हो?" मी म्हटलं, नाही. "उतरत जा," ते म्हणाले.

उन्हाळ्यात ते गेले. ताईंनी वर्गात सांगितलं तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "आपलं माणूस गया." त्या दिवशी कुणी व्यायाम केला नाही.

मी आता उतरते. ताईंनी शिकवलं तशी, थांबत, फुंकर घालत. कोपऱ्यावर उभी राहून कुल्फी खाते आणि वर येते. वर यायला फार वेळ लागतो, आणि पोचल्यावर बराच वेळ मला बोलता येत नाही. पुण्याच्या मुलाच्या इमारतीला लिफ्ट आहे, माझ्यासाठी खोलीही काढून ठेवली आहे. त्याचा फोन नेमका त्याच वेळी वाजतो. मी उचलत नाही. धाप पूर्ण बसली, आवाज नेहमीसारखा झाला, की मीच त्याला फोन लावते आणि सांगते, आंघोळीला गेले होते.