सीलबंद वेल

आमच्या शेजारच्या गृहस्थांना अख्खी गल्ली 'गोदामवाले' म्हणते. हयातभर त्यांनी एका मोठ्या गोदामाची किल्ली कमरेला बाळगली. निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत केली, पण गोदाम तेवढं घरी घेऊन आले. मी रंगभूमीवर पुष्कळ राजे पाहिले. पुठ्ठ्याचा मुकुट, जरीचा अंगरखा, आवाज असा की शेवटच्या रांगेतलं मूल दचकून उठावं. पण पडदा पडला की तेच राजे मुकुट खुंटीला अडकवून चहाच्या कपासाठी भांडत. गोदामवाल्यांचा मुकुट खुंटीला लागतच नाही. तो कानटोपीचा आहे, एवढाच फरक.

हवेत पहिला गारवा आला की हे कानटोपी घालून अंगणात उतरतात. गळ्यात सुतळीचा गुंडा, टोपीत खोचलेली पेन्सिल, हातात झाडं कापायची लांब पात्यांची कात्री. मग घोषणा होते, "आवक सुरू!" त्यानंतर त्यांच्या बागेतलं काहीही बाग राहत नाही, माल होतो. कुंड्या रिकाम्या करून उपड्या रचायच्या. कंद खणून काढून वाळूच्या खोक्यांत निजवायचे. नळाला चिंध्या गुंडाळायच्या. प्रत्येक खोकं सुतळीनं बांधायचं आणि गाठीवर लाख ओतून पितळी शिक्का मारायचा. हा शिक्का त्यांना निरोप समारंभात भेट मिळाला. माणसं घड्याळ देतात. यांना कोणीतरी ओळखून होतं.

घराचीही तीच गत. खिडक्यांच्या फटींवर खळ लावून कागदाच्या पट्ट्या चिकटवतात, त्या थंडी सरेपर्यंत निघत नाहीत. पहिल्या आठवड्यात जी फोडणी होते तिचाच वास त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, मोसमभर हुंगत बसतात. एका वर्षी मागच्या दाराच्या फटी बुजवताना यांनी दारच बुजवलं, आणि वहिनी बाहेर कपडे वाळत घालत होत्या. बिचाऱ्या ओल्या पदरानिशी सगळ्या गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराशी आल्या, तर हे म्हणतात, "बरोबर आलीस. आता आवक इकडूनच."

यांचं तत्त्वज्ञान एका ओळीचं. जे लोंबतं ते तुटतं, आणि जे तुटतं ते आपल्या नावावर पडतं. म्हणून लोंबणारं सगळं आधीच कापून टाकायचं. गोदामात ते शोभलंही असेल. पण झाडाला लोंबण्यावाचून दुसरं काम काय असतं?

आमच्या दोन अंगणांमधल्या भिंतीवर वहिनींची एक वेल आहे. त्यांच्या आईच्या दाराशी होती, तिचीच काडी. आई गेली, घर विकलं गेलं, नव्या मालकानं दारात फरशी घातली. त्याआधी वहिनींनी ओल्या फडक्यात गुंडाळून ही काडी मांडीवरून आणली. माहेरचं म्हणावं असं त्यांच्याकडे एवढंच. आईकडे थंडी ओसरताच, पानं यायच्याही आधी, ती पिवळ्या फुलांनी भरून जायची म्हणे. इथे कधी फूल नाही. गोदामवाले दर वर्षी थंडीआधी तिला बोडकी करायचे आणि थंडीनंतर तिच्यापुढे उभे राहून म्हणायचे, "भाकड!"

गेल्या खेपेला एक फांदी यांच्या नजरेतून निसटली. भिंतीवरून माझ्याकडे उतरून मोडक्या बाकामागे दडून बसली. थंडी सरली आणि त्या एका फांदीवर फुलंच फुलं! मी ओरडले, "वहिनी, धावा!" त्या बादली उपडी घालून तिच्यावर चढल्या आणि भिंतीवरून बघत राहिल्या.

"ताई, हीच ती," म्हणाल्या. "इतकी वर्षं मी हिलाच बोल लावला हो."

"आणि फुलं कुठे जात होती?"

"कात्रीत." एवढंच म्हणून त्या उतरल्या.

जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगून पाहिलं. ऐकेल तर तो गोदामवाला कसला! म्हणाला, "तुझ्या नटीबाईंच्या अंगणातली माती निराळी. नाटकी माती. तिथे कशालाही फुलं येतील."

यंदाच्या थंडीआधी त्यांना सरपणाच्या राशीसाठी जागा हवी झाली. ती सापडली नेमकी वेलीच्या भिंतीशी. उपटायलाच निघाले होते. वहिनी आडव्या आल्या तेव्हा उपकार केल्यासारखा निकाल दिला, "ठीक. शेवटची मुदत. यंदा जमिनीपर्यंत छाटतो. थंडी सरल्यावर फूल दिसलं तर राहील. नाही दिसलं तर मुळासकट."

म्हणजे हात बांधायचे आणि वर म्हणायचं, वाजव टाळी.

वहिनी भांडल्या नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई भांडत नसते, वाट बघते. एके सकाळी गोदामवाले सरपण आणायला वखारीत गेले. तिथे ते प्रत्येक ओंडका वाजवून घेतात, वखारवाला कपाळ बडवतो आणि दुपार उलटते. ते वळणापलीकडे गेले आणि वहिनींनी भिंतीवरून हाक मारली, "ताई, हाताला काम नाही ना?"

आम्ही दोघींनी मूळ जमिनीतच ठेवून वेल भिंतीवरून अलगद सोडवली. वेटोळं करून पेंढ्यावर निजवली, वरून पुन्हा पेंढा. वहिनींनी दाभण घेतलं आणि गोणपाट शिवून टाकलं. वर सुतळी, आडवी-उभी, गाठ अगदी नवऱ्यासारखी. मग मेणबत्तीवर लाख वितळवली, गाठीवर ओतली आणि पितळी शिक्का असा दाबला की जन्मभराचा राग त्यात उतरला असावा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोदामवाल्यांची एक आवडती गोष्ट आहे. घरी पाहुणा आला की पाणी नंतर, ही गोष्ट आधी. एकदा खुद्द मोठे साहेब एक सीलबंद पेटी उघडायला आले आणि हे दारात आडवे झाले. "म्हटलं, साहेब, सील फुटेल ते मालकासमोर आणि मालकाच्या मर्जीनं. नाहीतर आधी मला फोडा!" साहेब म्हणे परत गेले. या एका प्रसंगावर या माणसानं आयुष्य काढलंय.

दुपारी ते आले. मी भिंतीआड बाकावर बसून शेंगा सोलत होते. खरं म्हणजे शेंगा केव्हाच संपल्या होत्या.

"हे काय?"

"माल."

"वेल छाटलीस का?"

"सील लावलंय."

"अगं, मी विचारतोय छाटलीस का?"

"फोडून बघा."

सुतळीकडे हात गेल्याचं मला भिंतीवरून डोकावून दिसलं. तो हात लाखेपाशी थांबला. गृहस्थ गाठोड्याभोवती फिरले. उकिडवे बसले. उठले. पुन्हा फिरले.

"मालक कोण?"

"मी. आईकडून आलेला माल आहे. मालक हजर आहे, पण राजी नाही."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. उभ्या कारकिर्दीत असं वाक्य माझ्या वाट्याला आलं नाही.

त्यांनी गोणपाटाच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग हरलेल्या सेनापतीनं शत्रूच्या तंबूला नावं ठेवावीत तसे ते म्हणाले, "टाके वाकडे आहेत."

"मी घातले. पेंढा ताईंनी भरला."

"तरीच."

पण जाताना टोपीतली पेन्सिल काढून त्यांनी एका पुठ्ठ्यावर लिहिलं आणि तो गाठोड्याला बांधला: 'नाजूक. वर काही ठेवू नये.' सरपणाची रास मग स्वयंपाकघराच्या दाराशी लागली. सगळी थंडी ते रोज सकाळी येऊन सील तपासायचे. पाणी गोठायला लागलं तेव्हा गाठोड्यावर पत्रा आडवा टाकला. मी म्हटलं, "का हो भाऊ, भाकडाची एवढी काळजी?" तर म्हणाले, "माल कसा का असेना, जबाबदारी गोदामाची." असा हा माणूस. डोक्यात मारावं असं वाटतं आणि हात उचलत नाही.

थंडी सरली. उघडण्याच्या दिवशी मला साक्षीदार म्हणून बोलावणं आलं. वहिनींनी मान डोलावली, गोदामवाल्यांनी सील फोडलं. पेंढा बाजूला झाला आणि लांबच लांब, उघड्या, काळपट फांद्या बाहेर आल्या.

"छाटलेलीच नाही!" गोदामवाले किंचाळले. "फसवणूक!"

"सील शाबूत होतं ना?" वहिनींनी शांतपणे विचारलं.

"होतं."

"काही तुटफूट?"

"...नाही."

"मग माल गेला तसा आला. तक्रार कशाची?"

"कात्री आण. कात्री कुठाय माझी?"

कात्री नव्हती. खुंटीवर नव्हती, कपाटात नव्हती, पलंगाखालीही नव्हती. ते शोधत राहिले आणि वहिनी वेल पुन्हा भिंतीवर चढवत राहिल्या. काळपट काड्यांवर फुगीर ठिपके होते. ते मला दिसले, वहिनींना दिसले. गोदामवाल्यांना कात्रीशिवाय काही दिसत नव्हतं.

पंधरवड्यात भिंत दिसेनाशी झाली. पिवळीधमक! वहिनी तिच्यापुढे उभ्या राहिल्या आणि एक फूल तोडून आईच्या तसबिरीपाशी ठेवून आल्या. आणि फाटकापाशी कानटोपी काढून गोदामवाले पोस्टमनला अडवून सांगत होते, "सगळा पॅकिंगचा खेळ आहे, राव! माल असा बांधायचा, सील असं मारायचं. काय बिशाद आहे न फुलण्याची?"

मी पुष्कळ निर्लज्ज नट पाहिलेत, पण प्रॉम्प्टरची ओळ उचलून वर त्यालाच अभिनय शिकवणारा हा पहिलाच. मला राहवेना. "वहिनी, तुमच्या टाळ्या ते घेऊन चाललेत!"

वहिनी तांदूळ निवडत होत्या. तांदळाचा मोठा डबा त्यांनी थोडा पुढे ओढला, झाकण उचललं आणि मला दाखवलं. तांदळातून लांब पात्यांचं टोक वर आलं होतं.

"घेऊ द्या की ताई," त्या म्हणाल्या आणि झाकण घट्ट लावलं.