रविवारपुरतं मलम

"रविवारी पाहुणे यायचेत, मॅडम. तोवर पोरीचं तोंड नीट करून द्या," सुमनताई म्हणाल्या. शेजारी त्यांची मुलगी वैशाली गालांवर ओढणी धरून बसली होती. ओढणी बाजूला झाली. गाल लालभडक, त्यावर दोऱ्यासारख्या बारीक रक्तवाहिन्या.

"काय लावतेस?"

सुमनताईंनी पिशवीतून ट्यूब काढली. सोबत चिठ्ठी. अक्षर माझं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंदिरानगरात माझा स्किनचा दवाखाना नवा होता. सुमनताईंच्या मळ्यात शेवंती. फुलं तोडून त्यांच्या हातांना इसब झालं होतं. तेव्हा मी कडक स्टेरॉइड मलम दिलं होतं. स्टेरॉइड कातडीचा दाह शमवतं. हाताच्या जाड कातडीला थोडे दिवस चालतं. चेहऱ्याची कातडी पातळ. तिथे रोज लावलं तर आधी रंग उजळतो, मग कातडी विरत जाते आणि मलम थांबवलं की चेहरा पेटतो.

सुमनताईंचे हात बरे झाले, शिवाय उजळलेही. उरलेलं मलम लेकीच्या गालांवर गेलं. पुढे मेडिकलवाला रिकामी ट्यूब बघून भरलेली देत राहिला. चार महिने.

मी चिडले. कंपन्या, मेडिकलवाले, गोरेपणाचा बाजार, कोणालाच सोडलं नाही.

"भाषण ऱ्हाऊ द्या, मॅडम. रविवारपुरतं हेच लावू का?"

"नाही. सौम्य मलम देते, तेही हळूहळू बंद करायचं. लाली दोन-तीन महिने राहील."

"मग चिठ्ठीत कुठं लिवलंय, तोंडाला लावू नका म्हणून?"

लिहिलं नव्हतं. दिवसातून दोनदा, सात दिवस, एवढंच लिहिलं होतं. कुठे लावायचं, ते मी गृहीत धरलं होतं.

सुमनताईंचे डोळे भरले. वैशाली म्हणाली, "आई, मी अशीच बसते."

सोमवारी ती हसतच आली. बघायला आलेला मुलगा सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याचेही गाल तसेच लाल. पोह्यांची बशी पुढे करताना तिने विचारलं होतं, "तुम्ही पण ट्यूब लावता का?"

पाहुणे पोहे टाकून उठले. लग्न जमलं नाही.

गुरुवारी तो मुलगा एकटाच माझ्याकडे आला. पाहुणे चपला घालत असताना वैशालीने त्याला माझा पत्ता सांगितला होता.

तेव्हापासून मी चिठ्ठीवर ठळक लिहिते: फक्त हातांना. पेशंट ते नीट वाचतात आणि विचारतात, "मॅडम, तोंडाला लावलं तर काय होतं?"