बेरीज खोडणाऱ्या उषाताई

डॉ. उषाताईंची माझी पहिली भेट त्यांच्या शाहूपुरीतल्या दवाखान्यात झाली, तेव्हा माझा उजवा स्तन काढून आठ महिने झाले होते. या गौरवग्रंथाच्या समितीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "बाई, तो शब्द तेवढा टाळता येतो का बघा." नाही येत. मी बत्तीस वर्षं गारगोटीच्या शाळेत गणित शिकवलं, गाळलेल्या जागा मला चालत नाहीत. उषाताई प्लास्टिक सर्जन. कर्करोगात गमावलेला स्तन पुन्हा घडवून देणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम, मग दुसरं काय लिहू?

मी एकटीच गेले होते. लग्न केलं नाही, भाऊ पुण्याला, आणि शेजारणीला गुडघ्याचं कारण सांगून निघालेली. ताईंनी स्टीलचा डबा उघडून इम्प्लांटचे, म्हणजे छातीत बसवायच्या कृत्रिम पिशव्यांचे, नमुने माझ्यापुढे ठेवले. "घ्या हातात, दाबून बघा. चावत न्हाईत," म्हणाल्या. आजऱ्याची बोली त्यांनी दवाखान्यातही कधी सोडली नाही.

एकात मिठाचं पाणी. तो फुटला तर छाती लवकरच सपाट होते, म्हणजे कळतं, आणि पाणी अंगात जिरून जातं. पण हाताला तितका खरा लागत नाही, वर सुरकुत्याही दिसू शकतात. दुसऱ्यात सिलिकॉनचं जेल. तो मऊ, खऱ्याच्या जवळचा. पण फुटला तरी बाहेरून कळेलच असं नाही, म्हणून अधूनमधून स्कॅन करायचं. तिसरा खरखरीत पृष्ठभागाचा होता. त्याच्याशी जोडलेला एक दुर्मीळ कर्करोग आढळल्यामुळे तो आपण बसवत नाही, असं सांगून ताईंनी तो बाजूला ठेवला. "आणि ध्यानात ठेवा, ह्यातला कुठलाच जन्माला पुरत न्हाई. भोवतीनं आवरण कडक हुतं, परत ऑपरेशन लागू शकतं. काहीच बसवायचं न्हाई म्हटलं तरी चालतंय, त्यात कमीपणा न्हाई."

घरी येऊन मी काय करावं? वहीत तक्ता आखला! सुरक्षिततेला चाळीस गुण, स्पर्शाला वीस, टिकाऊपणाला वीस, असं करत शंभर. मिठाच्या पाण्याचा पहिला आला. पुढच्या खेपेला मोठ्या तोऱ्यात वही ताईंपुढे ठेवली. त्यांनी ती नीट वाचली, माझ्याच हातातलं लाल पेन घेतलं आणि बेरजेची ओळ खोडली.

"बाई, ह्यात बेरीज हुत न्हाई. खरं कारण काय ते सांगा."

मी म्हणाले, "पाण्याचा फुटला तर माझं मला कळेल. जेलच्याकडं कुणीतरी लक्ष ठेवायला लागतं. माझ्याकडं बघणारं कुणी नाही."

हे मी तोवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मला रडू कोसळलं. ताईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"मी हाय की. दरसाल बघीन. आता सांगा, आवडला कुठला?"

आवडला जेलचाच होता. तोच बसवला.

त्यानंतर दर वर्षी त्यांचा फोन यायचा, "बाई, तपासणीला आला न्हाईसा?" पहिल्या स्कॅनला मी घाबरून गेले होते. मशीनमधून बाहेर येऊन पाहते तर बाकावर ताई बसलेल्या, मांडीवर माझी पर्स घट्ट धरून. मोठ्या सर्जन म्हणून त्यांचं कौतुक या ग्रंथात पुष्कळ जण करतील, मला मात्र ती पर्स आठवते.

दोन वर्षांपूर्वी ताईंनी दवाखाना बंद केला. माझी फाईल त्यांनी स्वतः दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊन दिली. यंदा मात्र फोन आला नाही. स्कॅन करून घेतलं, अहवाल चांगला आला. पण सांगायचं कुणाला? मला घरात बसवेना. तडक त्यांच्या घरी गेले. यजमान गेल्या वर्षी वारले, मुलं परदेशी. दार त्यांनीच उघडलं. "या बाई या. आठ दिवसांत पहिलं माणूस आलं बघा." अहवाल त्यांनी खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचला. तुमच्या रक्तदाबाच्या तपासणीचं काय, असं विचारलं, तर म्हणाल्या, "कोण घेऊन जातंय आता!"

"मी हाय की," मी म्हणाले.

तेव्हापासून दर गुरुवारी मी जाते. महिन्यातून एकदा आम्ही दोघी रिक्षानं डॉक्टरांकडे जातो. त्या आत असतात तोवर त्यांची पर्स माझ्याकडे असते.

ताई, आपल्याला पंच्याहत्तरावं वर्ष लागलं. पुढची पुष्कळ वर्षं आपण धडधाकट असावं, असं मी मनापासून मागते, आणि त्यात माझा धडधडीत स्वार्थ आहे. पुढल्या सालचा अहवाल वाचायला आपण खिडकीपाशी हव्यात.