वाढत्या अंगाची रायफल

मंडळी, आज अबू धाबीच्या शिकार प्रदर्शनात हसून पोट दुखलं. माझी चौदा वर्षांची नात रिया सुट्टीत कॅनडाच्या मामासोबत हरणाच्या शिकारीला जाणार. तिला रायफलचं कोणतं कॅलिबर, म्हणजे केवढी गोळी झेपेल, ते बघायचं होतं.

माझा मुलगा, म्हणजे रियाचा बाबा, विक्रेत्याला म्हणाला, "थ्री हंड्रेड मॅग्नम दाखवा. वाढतं अंग आहे, पुढे होईल तिला."

"अरे, शाळेचा युनिफॉर्म आहे का तो?" मी म्हटलं. "एवढ्या मोठ्या गोळीच्या धक्क्याला घाबरून नेम चुकला, तर हरीण जखमी होऊन तडफडेल. लहान टू फोर थ्री बघ, धक्का कमी. मी वाचलंय."

विक्रेता म्हणाला, "मॅडम राइट, हबीबी."

"थँक यू, ग्रॅनी!" जणू धक्का बसलाच, असा खांदा चोळत रियाने म्हटलं.

मुलाचा हा गुण त्याच्या बापाचा. हे होते तेव्हा मला चपला एक नंबर मोठ्याच आणायचे. शेवटची जोडी मी मोजे घालून अजून वापरते. तुमच्या घरीही आहे का असं कोणी?