तरुण मंडळातल्या किनुएताई

आमच्या कामितानी या डोंगरातल्या वस्तीत तरुण मंडळ आहे. मी त्याचा चिटणीस, वय एकाहत्तर. माझ्याहून लहान एकच सभासद आहे, पण गुडघ्यांमुळे त्याला सभेला येता येत नाही. मंडळाचं भूषण म्हणजे किनुएताई, आमच्या दवाखान्यातल्या नर्स. दवाखान्यातल्या म्हणजे, त्याच दवाखाना. डॉक्टर शहरातल्या मोठ्या इस्पितळातून गुरुवारी पडद्यावर दिसतो. "पोट दाबून बघा," म्हणतो. किनुएताई दाबतात, पेशंट कळवळतो आणि डॉक्टर गंभीर चेहरा करून मान हलवतो.

या डोंगरातल्या मुली हुशार. नर्सिंग शिकल्या आणि झाडून सगळ्या ओसाकाला गेल्या. त्यांत किनुएताईंची मुलगी मियोकोसुद्धा. "आई, आता पुरे झालं, इकडे ये," असं ती फोनवर सांगते आणि लगेच ठेवते, कारण तिच्या वॉर्डातही म्हातारेच म्हातारे आणि बघायला माणूस नाही. ते म्हातारे कोण, तर मुलांपाठोपाठ शहरात गेलेले आमचेच शेजारी.

आमच्याकडे एक रीत आहे. सप्टेंबरात वडीलधाऱ्यांच्या मानाचं जेवण असतं. पंचाहत्तरी गाठलेल्याला त्या दिवशी जांभळ्या गादीवर बसवतात. एकदा तिथे बसलं की त्या माणसाला वस्तीतलं काम कुणी सांगायचं नाही. ना गवत कापायचं, ना बर्फ उपसायचा, ना इंजेक्शन द्यायचं.

किनुएताईंनी यंदा पंचाहत्तरी गाठली. त्या वर्षभर त्या गादीकडे डोळे लावून होत्या. खांदा गेलेला, डोळ्यात मोतीबिंदू, सुई टोचताना दोन चष्मे एकावर एक. "इसोझुमीसान, यंदा मी बसणार हं," त्यांनी उन्हाळ्यातच वस्तीच्या अध्यक्षांना सांगून ठेवलं होतं. इसोझुमींचं वय चौऱ्याऐंशी. त्यांचा रक्तदाब रोज सकाळी किनुएताई मोजतात, तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली चहा उतरतो.

इसोझुमींनी तातडीची सभा बोलावली. "हल्ली माणसं जास्त जगतात. मग म्हातारपण उशिरा सुरू व्हायला नको का? मानाचं वय ऐंशी करू या." एकमताने हात वर झाले. माझाही झाला. मला साखरेचा त्रास आहे, इंजेक्शन त्याच देतात, मी काय करणार?

"म्हणजे मी अजून तरुण?" किनुएताईंनी विचारलं.

"तुम्ही तर आमच्या तरुण पिढीची आशा!" इसोझुमी म्हणाले.

"आशेचा खांदा वर होत नाही हो," असं पुटपुटून त्या रक्तदाबाचं यंत्र आवरायला लागल्या. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, पण खाली आणलेला हात पुन्हा कोण वर करतो?

जेवणाचा दिवस उजाडला. सभागृहात सगळे वडीलधारे चटयांवर मांडलेल्या जांभळ्या गाद्यांवर मांडी घालून बसले. लाल चवळीचा भात वाढायला तरुण मंडळ, म्हणजे अर्थात किनुएताई. आम्ही बाकीचे तरुण एकदा खाली बसलो की बसलो. एका हातात भाताचं भांडं, दुसऱ्या हातात रक्तदाबाचं यंत्र घेऊन त्या ओळीने फिरत होत्या. सेत्सुआजींपाशी आल्या आणि थांबल्या. आजी त्र्याण्णव वर्षांच्या, वस्तीत सगळ्यात मोठ्या.

"पोरी, बस की जरा," आजी म्हणाल्या आणि बाजूची रिकामी गादी थोपटली. त्या गादीवरचा माणूस वसंतातच वारला होता.

किनुएताईंनी भांडं खाली ठेवलं आणि त्या बसल्या. बसताना त्यांच्या तोंडून जो सुस्कारा निघाला, तो सगळ्या सभागृहाने ऐकला.

"अहो, अहो!" इसोझुमी कासावीस झाले. "माझा दाब बघायचा राहिलाय!"

"तुम्हीच बघा. नऊ वर्षांनी मोठे आहात माझ्यापेक्षा."

"आणि भात कोण वाढणार?"

"मी वाढते," सेत्सुआजी म्हणाल्या. "किनुए पाहुणी आहे आज." भिंतीला धरून त्या उभ्या राहिल्या, भांडं उचललं, दोन पावलं टाकली आणि त्यांचा तोल गेला.

किनुएताई गादीवरून कधी उठल्या ते कळलंच नाही. आजी पडायच्या आत त्यांनी त्यांना दुखऱ्या खांद्यावर झेललं. भात चटईभर सांडला, पण आजींना खरचटलंसुद्धा नाही. इसोझुमींनी टाळी वाजवली, आणि मग सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

"बघा, बघा!" ते ओरडले. "पंचाहत्तर कसलं, पंचविशीतली चपळाई ही! मी म्हणत नव्हतो?"

किनुएताईंचा चेहरा वेदनेने पांढराफटक पडला होता. आजींचा सगळा भार अजून त्यांच्यावरच होता. "टाळ्या नंतर वाजवा," त्या म्हणाल्या. "कुणीतरी या इकडे. माझ्या हातातून निसटतायत या. अहो, कुणीतरी उठा!"

टाळ्या थांबल्या. आम्ही सगळ्यांनी उठण्यासाठी हात जमिनीला टेकले.