ढालीसाठी ठेवून घेतलेला गडी

आमच्या गावच्या क्रीडा मंडळाइतकं ढोंगी मंडळ साऱ्या बेळगाव तालुक्यात नसेल, आणि त्याचा मी नऊ वर्षं चिटणीस होतो. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढं वाचताना तुम्हाला वाटायचं, हा बाजूला उभा राहून शिव्या घालतोय.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी स्टोअरकीपर होतो. मालकानं जपानहून साचे करायचं एक मशीन मागवलं आणि ते बसवायला तिकडचा एक मिस्त्री दोन महिने येऊन राहिला. त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं. दोघांचं जमेल म्हणून मालकानं त्याला माझ्या गळ्यात बांधला.

त्याच्या पेटीत पान्यांच्या जोडीला चामड्याचा एक भला मोठा हातमोजा आणि पांढरा चेंडू होता. जेवणाच्या सुट्टीत हा बाबा मागच्या भिंतीवर चेंडू मारायचा आणि मोज्यात झेलायचा. बेसबॉल म्हणे. आमच्या लोकांनी चार दिवस खिदळून घेतलं. दुसऱ्याची चेष्टा करायची म्हटलं की आम्हाला शिकवावं लागत न्हाय. पण मोल्डिंगमधला, वाळूचे साचे भरणारा एक गडी हसला नाही. तो त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि मोज्याशिवाय, नुसत्या हातांनी चेंडू झेलायला लागला.

हा गडी आमच्याच गावचा, वय बावीस-तेवीस. मंडळाच्या कबड्डी संघात चढाईला असायचा. समोरचे पाच जण अंगावर पडले तरी ओल्या साबणासारखा सुटून मध्यरेषेवर हात टेकवायचा. त्याच्या जिवावर शेजारच्या गावाबरोबरच्या सामन्यांची ढाल सात वर्षं आमच्या तालमीत टांगलेली होती.

एका दुपारी जपान्यानं आम्हा दोघांना त्याच्या देशातली हकीकत सांगितली. त्यांच्या एका क्लबनं एका पोराला शिकून यायला अमेरिकेला धाडलं. पोरगा चेंडू टाकण्यात इतका तरबेज निघाला, की तिथल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेतल्या संघानं त्याला ठेवून घेतलं. अमेरिकेची माणसं त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लागली. झालं, जपानच्या क्लबला जाग आली. आमचा माणूस परत द्या. दोन्हीकडं लई वाद झाला आणि शेवटी पोराला परत यावं लागलं. त्यानंतर तिकडं कोणीच गेलं नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. "माणूस म्हंजे काय दावणीचा बैल हाय व्हय?" मी मराठीतच ओरडलो. मिस्त्रीला भाषा कळली नाही, राग कळला. तो शांतपणे म्हणाला, "क्लबनं त्याला वाढवलं. उपकार." आणि मान खाली वाकवून दाखवली. असली गुलामीची मान बघून मला किळस आली. एवढी मशीनं करणारा देश आणि एक पोरगं सोडवत न्हाय.

गड्यानं मला विचारलं, "अण्णा, परत आल्यावर त्यो कसा खेळला, इचारा की."

मी विचारलं. "खेळला," एवढंच म्हणून मिस्त्रीनं मोजा पेटीत ठेवला.

दोन वर्षांनी निपाणीच्या स्पर्धेत पुण्याच्या एका कंपनीच्या माणसानं आमच्या गड्याची चढाई पाहिली. कायमची नोकरी देतो, कंपनीच्या संघातून खेळ, म्हणाला. अट एकच. आठ दिवसांत मंडळाचं ना हरकत पत्र हवं, चिटणिसाची सही आणि मंडळाचा शिक्का असलेलं. गड्यानं पत्र मागितलं आणि तालमीत बैठक बसली.

आता आमच्या अध्यक्षांबद्दल सांगतो. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला दर एक नोव्हेंबरला फेरी निघायची, तिच्यात दंडाला काळी फीत बांधून सगळ्यात पुढं हेच. आम्हाला महाराष्ट्रात जायचंय, म्हणून घसा फुटेस्तोवर भाषण ठोकायचे. वीस-पंचवीस वर्षं ओरडत होते. आणि एक जण खरोखर महाराष्ट्रात निघाला, तर यांच्या पोटात दुखायला लागलं.

"गाव जाईल तवा समदीच जाऊ," अध्यक्ष म्हणाले. "येकट्यानं म्होरं पळायचं काय कारण? गावानं वाढवलं त्याला. आन् ढाल कोण राखणार, त्याचा बा?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. जपानच्या क्लबाचं तेच तोंड, तीच बोली, फक्त पटका बांधलेला. मला ते ऐकताक्षणी ओळखू आलं. आणि मी काय केलं? इतिवृत्तात लिहिलं, 'पत्र देऊ नये असे सर्वानुमते ठरले.' अक्षर माझं छान होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी माझ्या घरी आला. शिक्का माझ्या ट्रंकेत असायचा, हे त्याला ठाऊक होतं. "अण्णा, अध्यक्षाची सही लागतच न्हाय. तुमची लागती. तुमी फकस्त शिक्का मारा, मी आजच्या गाडीनं जातो."

"ठराव झालाय, आता कसं करू रं?" मी म्हणालो. "गावात ऱ्हायचं हाय मला."

बायकोनं चहा ठेवला होता. तो न पिता उठला. आठ दिवस निघून गेले.

त्या वर्षीच्या ढालीच्या सामन्याला सारा गाव लोटला. गडी चढाईला गेला. कबड्डी कबड्डी म्हणत नियमापुरती समोरच्यांची निदानरेषा ओलांडली आणि कोणाला हात न लावता परत आला. पुढची चढाईही तशीच. शेवटपर्यंत तसंच. नियमात एक खोट काढता आली नाही. अध्यक्ष रेषेवर नाचून नाचून घामाघूम झाले. ढाल शेजारच्या गावाला गेली. "माजलंय बेनं," अध्यक्ष म्हणाले. गड्यानं त्या दिवसापासून मैदानात पाय ठेवला नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी पेपरात छोटी बातमी आली. एका जपानी खेळाडूनं आपल्या क्लबला, मी खेळातून निवृत्त होतो, असं सांगितलं आणि सरळ अमेरिका गाठली. निवृत्त माणसाला तिकडं खेळायला अडवणारं कलमच करारात नव्हतं. मला उकळ्या फुटल्या. कात्रण घेऊन मी मोल्डिंगमध्ये गेलो. गड्याचे केस पिकले होते. मशीन तेच, तोही तिथंच. बातमी वाचून दाखवली आणि वर अक्कल पाजळली. "बघ, असं डोकं चालवावं लागतंय. तूबी असंच मंडळाला बनवायला पायजे हुतंस."

त्यानं हाताची काळी वाळू फडक्याला पुसली.

"त्याला डोकं चालवावं लागलं, अण्णा. मला नुसता शिक्का पायजे हुता. त्यो तुमच्या ट्रंकेत हुता."

आणि तो पुढचा साचा भरायला वळला.

अध्यक्ष गेले, मंडळही मोडलं. शिक्का अजून माझ्याच ट्रंकेत आहे. परत मागायला कोणी आलं नाही.