त्याच्या घरचं सांगणं

आमच्या गावात अजून दवंडी चालते, हे रत्नागिरीतल्या मित्रांना सांगितलं की ते हसतात. हसोत बापडे. पंचायतीने पाण्याच्या टाकीवर कर्णे बसवलेत, त्यांतला आवाज वारा सरळ समुद्रात नेऊन टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पाण्याची वेळ येते, पण लगेच तिच्याखाली शुभ सकाळची फुलं पडतात आणि ती वेळ फुलांत गाडली जाते. म्हणून पंचायतीचा शिपाई अजूनही स्कूटरवरून वाडीवाडी हिंडतो, प्रत्येक घराच्या बेड्यापाशी, म्हणजे आवाराच्या तोंडाशी थांबतो आणि ओरडतो. आतून कुणी 'ऐकलं' म्हटलं की पुढे जातो.

हा शिपाई माझा शाळासोबती. बँकेतून निवृत्त होऊन मी गावी राहायला आलो तेव्हापासून तो संध्याकाळी माझ्या पडवीत चहाला टेकतो. यंदा त्याने बौद्धवाडीत चिऱ्याचं नवं घर बांधलं. स्लॅब पडला, रंग झाला, आणि एका संध्याकाळी कप खाली ठेवत त्याने मला सांगून टाकलं की रविवारी घराचं जेवण आहे आणि गावात सांगायला मी फिरायचं आहे.

मला वाटलं थट्टा करतोय. जन्मभर ज्याने दुसऱ्यांची लग्नं, बारशी आणि मयतं सांगितली, त्याच्या घशाला आता काय झालं? मोबाइलवर पत्रिका पाठव म्हटलं. तो म्हणाला, पाठवली, सगळ्यांनी अंगठे उमटवलेत, पण अंगठा काय पाटावर बसून जेवतो? त्याचं खरं होतं. दारात सांगणं आलं नाही तर आमच्याकडे माणूस येत तर नाहीच, वर पिढ्यान्‌पिढ्या ते काढून दाखवतो. आणि आपल्या घरचं आपण ओरडायचं नाही, हा त्यांच्या घराचा जुना दंडक. दुसऱ्या कुणीतरी सांगायचं. एवढं मला ठाऊक होतं. मग त्याने खरं कारण सांगितलं.

"येतील सगळी," तो म्हणाला. "घर बघतील, सरबत घेतील, बरं झालं म्हणतील. पण पंगतीला बसतात काय, ते बघायचं हाय. तू सांगितलंस तर बसतीलसुद्धा."

दवंडी त्याच्या वडिलांकडेही होती. ते बेड्याबाहेर थांबत, कारण आत यायची त्यांना मुभा नव्हती. आता तसलं काही उरलं नाही असं आम्ही सगळे छातीठोक सांगतो, आणि पंचायतीत त्याच्या हातचा चहा सगळा गाव पितोही. पण पंचायतीतला चहा वेगळा आणि त्याच्या घरचा भात वेगळा. मी शाळेपासून त्याच्या आईच्या हातची भाकरी खात आलो, पण मी म्हणजे गाव नव्हे. मला गावाचा सणसणीत राग आला आणि त्या रागाच्या भरात मी हो म्हणून बसलो.

माझा आवाज मोठा आहे हे बायको रोज ऐकवते. पण भांडणात मोठा असणारा आवाज दुसऱ्याच्या बेड्यापाशी कुठे जातो देव जाणे. पहिल्या घरी घशातून जे काही निघालं त्यावर त्यांच्या कुत्र्यानेही मान वर केली नाही. दोनचार घरं झाल्यावर सूर सापडला. ऐका हो ऐका, रविवारी दुपारी शिपायाच्या नव्या घरी जेवण आहे, घरच्या सगळ्यांनी जेवायला यायचं आहे. 'जेवायला' वर मी मुद्दाम जोर देत होतो. मुसलमान मोहल्ल्यात, आखातातून सुट्टीवर आलेल्या एकाने कोंबडी आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर तो हिरमुसला, पण येतो म्हणाला. बाकी घरांतून नुसतं 'ऐकलं' येत होतं, आणि ऐकलं म्हणजे जेवतो असं नव्हे. तरी खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली होती.

शेवटचं घर माझ्या काकीचं. आमच्या वाडीतली सगळ्यांत वडीलधारी बाई. ती जेवली की वाडी जेवते, ती पाणी पिऊन उठली की वाडी चपला शोधते. ती खळ्यात आमसुलं वाळत घालत होती. माझं सगळं ओरडून होईपर्यंत तिचे हात थांबले नाहीत. मग एवढंच म्हणाली, "बगू." पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

रविवारी बुद्धवंदना झाली. लोक आले. त्यांनी खोल्या बघितल्या, नळ सोडून बघितले, लाद्यांचा भाव विचारला, सरबत घेतलं. आणि मग सगळे अंगणात घोटाळत राहिले, जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत. आत पत्रावळी मांडून ठेवलेल्या. मोहल्ल्यातली मंडळी तेवढी बसली होती. माझा मित्र हातात पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता, हसत होता, आणि ते हसणं मला बघवत नव्हतं. मी काहीतरी वेडंवाकडं बोलणार हे ओळखून बायकोने माझा दंड घट्ट धरला.

तेवढ्यात काकी काठी टेकत आली. सरबत नको म्हणाली. पायऱ्या चढून आत गेली, पहिल्या पंगतीत भिंतीला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "वाढा."

मग अंगण रिकामं व्हायला वेळ लागला नाही. पंगतीमागून पंगत उठली. काळ्या वाटाण्याची आमटी तळाला गेली, भाताचं दुसरं भांडं चढवावं लागलं, आणि कोंबडीवाल्याने तीनदा खीर मागितली. मित्र वाकून वाकून वाढत होता, आग्रह करून लोकांना जेरीस आणत होता. मला इतकं बरं वाटलं की डोळे पुसायला मागच्या दारी जावं लागलं. तिथे बायका कांदा चिरत होत्या, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

हात धुऊन काकी सरळ स्वयंपाकघरात गेली. तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि मित्राच्या बायकोपुढे धरला.

"गो बाय, ह्यात भात-आमटी घाल जरा. सून घरात ऱ्हायलीय, ती जेवायची हाय."

डबा ती घरूनच घेऊन आली होती.